चाकामागचा दगड

वसराम, तुझ्या बातमीत एक शब्द चुकला आहे.

बातमी आतल्या पानावर, एका कॉलमात आली. तुझं नाव बरोबर आहे. निवृत्त पशुवैद्यक, हेही बरोबर. भर दुपारी, रणरणत्या उन्हात, तांड्याकडे पायी जाताना मृत्यू, तेही बरोबर. शेवटचं वाक्य असं आहे: ‘त्यांची जुनी दोन आसनी गाडी चढावर रस्त्याच्या कडेला सुस्थितीत आढळली.’

असे शब्द कसे छापले जातात ते मला माहीत आहे. शिपायाने गाडीभोवती चक्कर मारली. काच फुटलेली नव्हती, चाकांत हवा होती. किल्ली फिरवली तर इंजिन सुरू झालं. त्याने बातमीदाराला तसं सांगितलं आणि बातमीदाराने त्याला साजेसा शब्द लावला. तू असतास तर म्हणाला असतास, “बाकीचं बराबर हाय ना बातमीदार? मंग सोड की.” माझं नाव तू कधी घेतलंच नाहीस. हिंगोलीच्या घरी आलास की पायऱ्यांवरूनच विचारायचास, “काय बातमीदार, आज कोन मेलं?”

हा शब्द मात्र सोडता येत नाही, कारण त्यातून तुझ्यामागे एक गोष्ट तयार झाली. दुःखाला आलेली माणसं बाहेर मांडवात बसून ती बोलत होती. चालती गाडी सोडून भर उन्हात कोन पायी निघतंय? फोनबी घरीच इसरले व्हते म्हन. डोक्याचा रुमाल गाडीतच ऱ्हायला. वय झालं की व्हतं असं. एक जण म्हणाला, “डॉक्टर भ्रमले व्हते, आपल्याला कळलं न्हाई.” बाकीच्यांनी माना डोलावल्या.

शारदा दाराआड उभी होती. तुझी मुलगी तुझ्यासारखीच आहे, ऐकलेलं विसरत नाही. पाहुणे उठल्यावर ती माझ्याजवळ आली. “काका, बापू भ्रमले होते का? खरं सांगा. गेल्या महिन्यात फोनवर त्यांनी एकच गोष्ट मला दोनदा सांगितली. मी हसले. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं का?”

मी म्हणालो, “नाही.”

“कशावरून?”

पुरावा मागत होती ती. तो तुझ्या गाडीतच होता. त्यासाठी मला, आपण ती गाडी घेतली त्या कुरुंद्यापासून सुरुवात करावी लागेल.

हळद शिजवण्याचे दिवस होते. तिथल्या बागायतदाराच्या वाडीत मोठ्या पिपांखाली जाळ धडधडत होता, वाफेचे लोट उठत होते आणि सगळ्या हवेला तो उग्र, मातकट वास होता. गाडी मागच्या शेडमध्ये पोत्यांच्या थप्पीआड होती. बागायतदाराच्या मयत चुलत्याने ती फार पूर्वी हैदराबादहून आणलेली. लांब नाक, बुटकी पाठ, दोनच माणसांची जागा, कापडी टप केव्हाच फाटून गेलेला. मूळचा लाल रंग हळदीच्या धुळीखाली विटकरी दिसत होता. तू लांबच थांबलास. तुझी जनावर बघायची रीतच तशी होती. आधी उभं राहून बघायचं, हात नंतर लावायचा. मला बातमीदारीत कोणी शिकवलं नाही इतकं त्या एका सवयीने शिकवलं. घटनास्थळी पोचलो की मी अजूनही आधी नुसता उभा राहतो. तुझे आभार मानायचे राहिले. आपल्यात ती पद्धत नव्हती.

जुनी गाडी घेताना क्लच कसा बघायचा, हे मला जाता जाता एसटीत तूच सांगितलं होतंस. इंजिन आणि चाकं यांची गाठ म्हणजे क्लच. पेडल दाबलं की गाठ सुटते, सोडलं की बसते. पेडल दाबल्यावर किरकिर आली तर आतलं बेअरिंग गेलं. रिव्हर्स टाकताना दात घासले तर गाठ पुरती सुटत नाही. पाय पार वर आल्यावर गाडी हलली तर प्लेट झिजली. इंजिनाच्या बुडाशी तेल दिसलं तर ते प्लेटवर उतरतंय असं समज. जळका वास आला तर गाठ घसरतेय. “आन सगळ्यात पक्की परीक्षा कोनती?” तू विचारलंस आणि स्वतःच सांगितलंस. गाडी तापवायची, चाकांना दगड लावायचे, ब्रेक दाबून धरायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लचवरचा पाय हळूहळू सोडायचा. चाकं अडलेली, गाठ पक्की, म्हणजे इंजिन धडपडून बंद पडलं पाहिजे. “बंद पडली तर गाडी चांगली. चालूच ऱ्हायली तर समज, आत काई धरूनच न्हाई.”

कुरुंद्यात तू सगळं बघितलंस. किरकिर नव्हती. रिव्हर्सला थोडी घासली. पाय बराच वर आल्यावर हलली. बुडाशी तेलाचा ओला डाग होता. त्यावर हळदीची धूळ बसून लेप झाला होता. तू तो बोटाने खरवडलास, नाकाशी नेलास. “काय वास येतो?” मी विचारलं. “हळदीचा,” तू म्हणालास. त्या वाडीत दुसरा कोणताही वास येणं शक्य नव्हतं.

मग मी म्हणालो, “आता दगड लावू.”

तू नाही म्हणालास. याडीचं नाव घेतलंस.

याडी म्हणजे तुमच्या बोलीत आई. पण तुझ्या आईला सगळा तांडा याडी म्हणतो, शारदाही, मीही. तुमचे वाडवडील बैलांच्या पाठीवरून धान्य, मीठ वाहायचे. तुझे वडील बैलांचे सौदे करायचे. त्यांच्या घरात एक नेम होता: सौद्याला जनावराच्या पाठीवर हात पडला की ते नव्या दारात येईपर्यंत बसता कामा नये. बसलं की सौदा मोडला. वडील गेले, बैल गेले, याडीने तो नेम मोटारींना लावला. तुझी पहिली लुना, मग स्कूटर, मग सरकारी नोकरीतली जुनी जीप, सगळ्या इंजिन चालू ठेवूनच घरी आल्या. तू त्यावर विनोद करायचास आणि नेम पाळायचास. मी एकदा म्हणालो होतो, तू शिकलेला माणूस. तू चिडला नाहीस. “नेम अडाणी न्हाई,” म्हणालास. “सौद्याच्या वेळी बसलेला बैल आजारीच आसतो. मी डॉक्टर हाये, मला इचार.”

बैलाच्या बाबतीत ते खरं होतं. क्लचच्या बाबतीत नेमकं उलटं. त्या वाडीत उभं राहून मी तेच म्हणालो. बंद पडणं हेच इथे धडधाकट असल्याचं लक्षण आहे, तुझ्याच तोंडचं वाक्य. तेवढ्यात तुझा फोन वाजला.

“हात लावला का?” याडीचा आवाज मलाही ऐकू आला.

“लावला याडी.”

“चालू हाये ना?”

“चालू हाये.”

“मंग आता बंद पडू देऊ नको. तुझ्या बापाची आन.”

तू फोन खिशात टाकलास आणि माझ्याकडे बघितलंस. “तू म्हंतो ते बराबर हाये बातमीदार. पन क्लच गेला तर नवा बसवता येतो. याडीच्या मनात एकदा पाल चुकचुकली तर तिथं कोनता पार्ट टाकू?”

आपला वाद तिथे तुटला. संपला नाही.

परतीचा प्रवास चांगला झाला, हे नोंदवलं पाहिजे. उघड्या गाडीत दोन म्हातारे, तोंडाला रुमाल, कपडे हळदीने पिवळे. चहा प्यायलो तोही धडधडत्या इंजिनाशेजारी उभं राहून. टपरीवाला म्हणाला, “सायेब, बंद करा की, पेट्रोल फुकट जाऊन राहिलं.” तू म्हणालास, “आमची नवरी हाये. दारात गेल्याशिवाय बसनार न्हाई.” टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, इतका तो हसला.

औंढ्याच्या अलीकडच्या चढावर मी ते बघितलं. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा वर गेला. आवाज वर गेला. वेगाचा काटा होता तिथेच राहिला. क्षणभरच. मी तुझ्याकडे बघितलं, तू काट्याकडे बघत होतास. मग तू पाय हलकेच उचललास. आवाज खाली आला, गाडी सावकाश चढ चढली. घराच्या दारात याडी आरती घेऊन उभी होती. चाकांखाली लिंबं होती. ती म्हणाली, “बसली न्हाई ना?” तू म्हणालास, “न्हाई.” तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी बघितला आहे. त्यासाठी माणूस काय काय करेल, हे मला समजतं.

त्यानंतर तू परीक्षा घेतली नाहीस. मी विचारलं की म्हणायचास, “आता घरात आलीया. नापास झाली तर कुठं धाडू?” पण तू चालवायला लागलास ते अंड्यांवरून चालल्यासारखं. चढाला जोर द्यायचा नाही, शेजारी कोणाला बसवायचं नाही. “धरतो,” म्हणायचास. “वर धरतो, पन धरतो.” घसरणारी प्लेट तापली की आणखी घसरते, थंड झाली की पुन्हा थोडं धरते, हे तुला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस.

त्या दुपारी शारदाचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीतच होतो. तांड्याच्या फाट्यावर पोचलो. फाट्यानंतर त्या रस्त्याला दुपारी जीप नसते, एसटी नसते. आधी गाडी दिसली. चढाच्या पाऊण भागात, कडेला नीट लावलेली. तू आणखी पुढे होतास, चढ संपतो तिथल्या बाभळीखाली. बाभळीला त्या दिवसांत सावली नावालाच असते. लोकांनी तुझ्यावर पांढरं कापड टाकलं होतं. तुझ्या चपला पायांतच होत्या. तोंड तांड्याच्या दिशेला होतं. तिथून तुमची पाण्याची टाकी दिसते.

मी आधी नुसता उभा राहिलो. मग परत गाडीकडे आलो.

गिअर पहिल्यात टाकलेला होता. हातब्रेक पुरता ओढलेला. आणि मागच्या चाकामागे एक काळा दगड होता, चांगला दोन हातांनी उचलावा असा, चाकाला घट्ट बसवलेला. शेजारच्या बांधात त्याची जागा ताजी, ओलसर दिसत होती. थोड्या वेळाने गाडी तांड्यावर न्यायला ट्रॅक्टर आला. दोर बांधणाऱ्याने तो दगड काढून नाल्यात फेकला. दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या कोणीतरी किल्ली फिरवली, गाडी अंगणात पुढेमागे केली आणि जाहीर केलं की गाडीला काही झालेलं नाही. ती रात्रभर थंड झाली होती.

शारदाला मी दगडाचं सांगितलं. गिअरमध्ये टाकलेली गाडी चढावरून मागे जात नाही, इंजिन तिला धरून ठेवतं. दगड लागतो तो गाठ धरत नसेल तर. भ्रमलेला माणूस एवढा विचार करून बांधातून दगड उपटत नाही. गाडीने ओढायचं सोडलं होतं, घर जवळ आलं होतं, म्हणून तू निघालास.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “दगड सवयीनंही लावतात काका.”

तेही खरं होतं.

शारदाने गाडी विकायला काढली, कारण तिला ती दारात बघवत नव्हती. नांदेडचा एक तरुण दातांचा डॉक्टर आला. जनावरांचे दात तू बघायचास, हा माणसांचे बघतो. सोबत त्याची बायको होती. दोघं गाडीवर आधीच भाळलेली होती. मी शारदाला बाजूला घेतलं. म्हणालो, परीक्षा झाल्याशिवाय ही गाडी कोणाला देऊ नकोस. पुढचा चढ त्यांच्या वाट्याला येईल.

“आणि धरला तर, काका? क्लच चांगला निघाला तर? मग बापू खरंच तसेच गेले ना?”

विकणारी मनातून गाडी नापास व्हावी म्हणत होती आणि घेणारा पास व्हावी म्हणत होता. मी इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, असा सौदा बघितला नव्हता.

डॉक्टरने बॉनेटवर हात ठेवला. शारदाने इंजिन सुरू केलं. अंगणातल्या बाजेवरून याडी म्हणाली, “हात लावला बाबा तुमी. आता बंद पडू देऊ नका.” तिला आता नीट दिसत नाही, पण इंजिनाचा आवाज कुठे आहे ते बरोबर कळतं.

शारदा डॉक्टरला शेजारी बसवून चढाच्या माथ्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर दोनदा जाऊन आली. गाडी तापायला हवी होती. ऊन तेव्हाही कमी नव्हतं. परत आली तेव्हा डॉक्टर हसत होता. “झकास आहे हो. नुसती पळते.” मी पुढच्या चाकांना दगड लावायला लागलो. त्या आवाजाने याडी उठून बसली.

“काय करून राहिले तुमी?”

शारदा म्हणाली, “याडी, बंद पाडून बघतो.”

“काहून? चालती हाये ना?”

“चालती हाये.”

“मंग? सौद्याचं जनावर कोन बसवतंय? तुझा बाप आसता तर...” आणि ती थांबली. पुढचं तुमच्या बोलीत बोलली. मला कळलं नाही, शारदाला कळलं. तिने स्टिअरिंग सोडलं नाही.

“याडी, बापूनं त्या दिवशी चाकामागं दगड लावला व्हता.”

“कोनी सांगितलं?”

“काकांनी बघितला. ट्रॅक्टर आला तवा लोकांनी तो नाल्यात फेकला.”

याडीने माझ्या दिशेला तोंड केलं. “खरं का रे?”

“खरं आहे.”

“त्यानं सोताच्या हातानं लावला?”

“हो.”

इंजिन चालू होतं. मग ती म्हणाली, “मंग बघा.”

शारदाने ब्रेक दाबून धरला, हातब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला. क्लचवरचा पाय सोडायला लागली. गाडी जराशी वाकली, नाक दगडांवर टेकल्यासारखं झालं. इथे धक्का बसायला हवा होता. इथे धडपड व्हायला हवी होती आणि मग शांतता. काटा थोडा खाली आला, तिथेच थरथरला आणि थांबला. इंजिन चालूच राहिलं. खालून निळसर धूर निघाला. अंगणात जळका वास पसरला. त्या दिवशी आसपास कोणी हळद शिजवत नव्हतं.

“काका,” शारदा म्हणाली, “पाय वर आहे माझा. पूर्ण वर आहे.”

तिने पाय उचलून दाखवला. मग दोन्ही हात तोंडावर घेतले. ती रडत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता.

“पडली का बंद?” याडीने विचारलं.

“न्हाई याडी.”

“मंग चांगलं झालं की.”

कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मग डॉक्टरच्या बायकोने, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं म्हणून, सहज सांगितलं, “नाही हो आजी. बंद पडायला पाहिजे होती. चांगली असती तर पडली असती.”

वसराम, याडीने ते ऐकलं. ती आवाजाकडे तोंड करून बसून राहिली. लुना, स्कूटर, जीप, सगळ्यांना तिने एकच प्रश्न विचारला होता आणि दर वेळी तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. कुरुंद्याच्या वाडीत तिच्या फोनच्या आधी आणि नंतर आपलं काय बोलणं झालं, ते मी तिला सांगितलेलं नाही. शारदालाही नाही. सांगायला हवं की नको, हा वाद आता मला एकट्यालाच घालावा लागेल. तू असतास तर कोणता पार्ट टाकायचा ते मी तुला विचारलं असतं.

“शारदा,” ती म्हणाली, “बंद कर तिला.”

शारदाने किल्ली फिरवली. अंगण एकदम मोकळं झालं. दूर कुठेतरी रेडकू ओरडत होतं, तेवढंच.

डॉक्टर आणि त्याची बायको चहा न घेता गेली. शारदाने वर्तमानपत्राला फोन लावून माझ्या हातात दिला. मी त्यांना एक ओळ सांगितली: गाडी सुस्थितीत नव्हती, ती चालवणारा पूर्ण भानावर होता. छापतील की नाही, माहीत नाही. अशा ओळींना जागा मिळत नाही.

निघताना चाकांचे दगड काढायला मी वाकलो. याडीला ते कसं कळलं कोण जाणे.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “त्यानं लावला तो तुमी फेकून दिला. हे तरी ऱ्हाऊ दे.”